पिल्लाच्या कानातला काळा मळ आणि त्यावरचा उपचार

प्रश्न : आमच्या घरी काही दिवसांपूर्वी मांजराचे एक पिल्लू आले आहे. त्याचे वय अंदाजे सहा-सात आठवडे असावे. ते दिवसभर कान खाजवते, डोके झटकते आणि त्याच्या दोन्ही कानांत काळपट, कोरडा मळ साचलेला दिसतो. मी रोज इअरबडने तो काढते, पण दुसऱ्या दिवशी तेवढाच मळ पुन्हा असतो. ओळखीच्या एका व्यक्तीने आमच्या कुत्र्याचे उरलेले कानाचे थेंब घालायला सांगितले, तर दुसऱ्या एकीने लसूण घालून कोमट केलेले तेल सुचवले. घरात एक मोठी मांजरही आहे, आणि माझा सहा वर्षांचा मुलगा पिल्लाला कुशीत घेऊन झोपतो. हे घरच्या घरी बरे होईल का? इतक्या लहान जिवाला औषध सोसेल का? आणि बाकीच्यांना याची लागण होईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून पिल्लाच्या कानांत माइट्स, म्हणजे अगदी बारीक परजीवी जीव, झाले असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि ते झालेच असतील तर हा त्रास पूर्ण बरा होणारा आहे. मात्र पशुवैद्यकाकडे जाईपर्यंत दोन गोष्टी आजच थांबवाव्यात. इअरबड कानात घालणे बंद करावे, आणि कुत्र्याचे थेंब किंवा लसणाचे तेल यांपैकी काहीही त्या कानांत जाऊ देऊ नये. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत माइट्स मारणे हे काम फारसे अवघड नसते. ते मारताना पिल्लाला इजा होऊ न देणे, याकडे खरे लक्ष द्यावे लागते. पुढचे सगळे उत्तर याच दृष्टीने लिहिले आहे.

या माइटचे शास्त्रीय नाव ऑटोडेक्टिस सायनोटिस. तो कीटक नव्हे, तर प्रौढपणी आठ पाय असलेला, गोचीड आणि कोळी ज्या वर्गात येतात त्याच वर्गातला जीव आहे. त्याची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. खरजेचे माइट्स कातडीत बोगदे करतात, तसा हा कातडीत शिरत नाही. तो पृष्ठभागावर राहून मृत पेशींवर आणि त्वचेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मादी कानाच्या नळीत अंडी चिकटवते, साधारण चार दिवसांनी त्यांतून सहा पायांची अळी बाहेर पडते, आणि मधल्या अवस्था ओलांडून ती प्रौढ व्हायला अंड्यापासून धरून सुमारे तीन आठवडे लागतात. प्रौढ माइट त्यानंतर साधारण दोन महिने जगू शकतो. हे वेळापत्रक आपण लक्षात ठेवावे, कारण उपचार किती काळ चालवायचा हे त्यावरूनच ठरते. प्रौढ माइट्सना मारणाऱ्या बहुतेक औषधांचा अंड्यांवर परिणाम होत नाही, त्यामुळे औषधाचा प्रभाव दोन-चार दिवसांत ओसरला, तर त्यानंतर फुटलेल्या अंड्यांतून नवी पिढी तयार होते. थेंब घातल्यावर आठवडाभर बरे वाटले आणि मग सारे पुन्हा सुरू झाले, ही तक्रार अनेक जण करतात. औषध वाईट होते असे त्यांना वाटते, पण बहुतेक वेळा ते पुरेसे दिवस दिलेले नसते.

आपण रोज मळ काढूनही तो परत दिसतो, याचेही कारण याच जीवनक्रमात आहे. कानातला तो काळा पदार्थ म्हणजे कानाचा नैसर्गिक मेण, माइट्सची विष्ठा, मृत पेशी आणि थोडे सुकलेले रक्त यांचे मिश्रण असते. वापरून झालेल्या कॉफीच्या चोथ्यासारखा तो दिसतो, कोरडा आणि चुरा होणारा. माइट्स जिवंत आहेत तोवर कानाची त्वचा चिडलेली राहते, मेण अधिक सुटतो आणि मळ भरत राहतो. शिवाय मांजराच्या कानाची नळी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून पडद्यापर्यंत जाते. इअरबडने वरचा थोडा मळ बाहेर येतो आणि बाकीचा त्या वळणापलीकडे ढकलला जाऊन पडद्याजवळ दाबला जातो. पिल्लाने ऐनवेळी मान झटकली तर नळीच्या नाजूक त्वचेला किंवा पडद्यालाच इजा होऊ शकते. आपण काळजीपोटी करत आहात हे समजते, परंतु हे काम त्या साधनाचे नाही.

आता निदानाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण कानात काळा मळ म्हणजे माइट्सच, असे गृहीत धरून उपचार सुरू केला जातो आणि तो चुकतो. लहान पिल्लांमध्ये माइट्स हे सर्वांत नेहमीचे कारण आहे खरे; बहुधा ते आईकडूनच, दूध पिण्याच्या दिवसांत अंगाला अंग लागून येतात. पण यीस्ट नावाच्या बुरशीमुळेही कानात तपकिरी, चिकट आणि वास येणारा मळ होतो. जीवाणूंचा संसर्ग असेल तर पिवळसर किंवा हिरवट, ओलसर स्राव येतो. एकाच कानाला त्रास असेल आणि तो औषधाने हटत नसेल, तर तरुण मांजरांच्या मधल्या कानात वाढणाऱ्या पॉलिप नावाच्या गाठीचा विचार करावा लागतो. कानाच्या कडांवर जाड, करड्या खपल्या दिसत असतील तर ती मांजरांची खरूज असू शकते, आणि गोल चट्ट्यांत केस गळून कोंडा धरत असेल तर ते गजकर्ण असू शकते. यांपैकी प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. त्यातही माइट्समुळे खाजवून झालेल्या जखमांत जीवाणू किंवा यीस्ट शिरल्याने दोन-तीन त्रास एकत्र आढळणे हे अगदी सर्रास घडते. नुसते माइट्सचे औषध दिले आणि यीस्ट तसेच राहिले, तर माइट्स मरूनही पिल्लू खाजवतच राहते.

निदान करणे मात्र सोपे आहे. पशुवैद्यक ऑटोस्कोप या प्रकाश देणाऱ्या उपकरणाने कानात पाहतात. प्रकाश आणि उष्णता लागली की माइट्स हलू लागतात आणि काळ्या मळावर पांढरे ठिपके सरकताना दिसतात. त्यानंतर थोडा मळ काचपट्टीवर तेलाच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर माइट्स आणि त्यांची लांबट अंडी स्पष्ट ओळखता येतात. घरी आपण एवढे करू शकता की बाहेरच्या भागात आपोआप आलेला मळ कापसाने टिपून काळ्या कागदावर पसरावा आणि उजेडात भिंगातून पाहावा. पांढरे ठिपके हलताना दिसले तर संशय पक्का होतो. ते दिसले नाहीत तरी माइट्स नाहीत असे म्हणता येत नाही. आणि कानाचा पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी कोणत्याही उपायाने कळत नाही. कानात काय घालता येईल आणि काय नाही, हे बरेचसे त्या पडद्यावर अवलंबून असते, म्हणून दवाखान्यातील एक भेट टाळू नये, असा माझा आग्रह आहे.

औषध सोसेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पिल्लाच्या वजनात आहे. आपण वय अंदाजे सांगितले आहे, आणि बाहेरून आलेल्या पिल्लाच्या बाबतीत तो अंदाज सहज दोन आठवड्यांनी चुकू शकतो. निरोगी पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचे असते आणि दर आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम वाढते, त्यामुळे सातव्या आठवड्याच्या आसपास ते ७०० ग्रॅमच्या जवळ असावे. पण उपाशी राहिलेले, जंत झालेले पिल्लू वयाने मोठे असूनही ५०० ग्रॅम भरू शकते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एक भांडे किंवा डबा ठेवून, त्यात पिल्लाला बसवून आपण त्याचे वजन घ्यावे आणि पुढचा महिनाभर ते दर काही दिवसांनी टिपून ठेवावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. वजन वाढत राहणे ही पिल्लू उपचार सोसत असल्याची चांगली खूण आहे, आणि वजन थांबले किंवा घटले तर पशुवैद्यकांना लगेच कळवावे.

आजकाल सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मानेवर कातडीला लावायचे थेंब. त्यातील सेलामेक्टिन हे औषध त्वचेतून शोषले जाऊन रक्तावाटे कानापर्यंत पोहोचते आणि त्याचा प्रभाव जवळजवळ महिनाभर टिकतो, म्हणजे अंडी फुटून बाहेर येणाऱ्या माइट्सनाही ते गाठते. काही देशांत ते सहा आठवड्यांपासून, तर काही देशांत आठ आठवड्यांपासून वापरण्यास मान्यता आहे. मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण असलेले थेंब नऊ आठवड्यांच्या पुढे, साधारण एक किलो वजन झाल्यावर दिले जातात. याखेरीज मांजरांसाठीच बनवलेले, आयव्हरमेक्टिनचे ०.०१ टक्के किंवा मिल्बेमायसिनचे ०.१ टक्के प्रमाण असलेले कानाचे थेंब काही ठिकाणी मिळतात आणि ते चार आठवड्यांच्या पिल्लांपासून वापरता येतात. नव्या पिढीतील सॅरोलानर किंवा फ्लुरालानरसारखी औषधेही माइट्सवर चांगली चालतात, पण त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या अटी अधिक कडक आहेत. आपले पिल्लू नेमके या सीमारेषेवर उभे आहे. म्हणूनच यांपैकी कोणते निवडायचे, हे त्याला समोर पाहून, तपासून आणि तोलूनच ठरवता येईल. पिल्लू फारच अशक्त असेल तर पशुवैद्यक आधी त्याला खाऊपिऊ घालून उभारी येऊ देण्यास आणि तोवर फक्त कान साफ करण्यास सांगतील, आणि तो निर्णय योग्यच असेल. माइट्स आठवडाभर अधिक राहिल्याने जे नुकसान होते, त्यापेक्षा न सोसणाऱ्या औषधाने होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

मानेवरचे थेंब लावताना डोक्याच्या मागे, जिथे पिल्लाची जीभ पोहोचत नाही अशा जागी, केस दोन बाजूंना करून थेट कातडीवर लावावेत. नुसते केसांवर पडलेले औषध वाया जाते. अंग ओले असताना ते लावू नये, आणि सुकेपर्यंत मोठ्या मांजरीला किंवा कुत्र्याला पिल्लाला चाटू देऊ नये. औषध चाटले गेले तर तोंडातून लाळ गळू लागते. ती बहुधा कडू चवीमुळे असते, तरीही पशुवैद्यकांना फोन करून विचारावे. मोठ्या मांजरासाठीची कुपी आणून त्यातला अर्धा भाग पिल्लाला लावणे, ही काटकसर करू नये. वजनगटाप्रमाणे वेगळी कुपी याच कारणासाठी बनवलेली असते.

कुत्र्याच्या उरलेल्या थेंबांविषयी मला कडक शब्दांत सांगावेसे वाटते. कुत्र्यांच्या पिसू-गोचिडांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. मानेवर लावायच्या काही औषधांत तर ते ४५ ते ६५ टक्के असते. मांजराच्या यकृतात अशी द्रव्ये निकामी करण्याची एक महत्त्वाची प्रक्रिया फार दुबळी असते, त्यामुळे कुत्र्याला सहज पचणारे परमेथ्रिन मांजराला थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत नेऊ शकते. कानाच्या थेंबांत परमेथ्रिन नसले, तरी जेंटामायसिन किंवा निओमायसिन यांसारखी प्रतिजैविके असू शकतात, आणि पडदा फाटलेला असताना ती आत गेली तर ऐकण्याची शक्ती आणि तोल सांभाळणारी यंत्रणा या दोन्हींना धक्का बसू शकतो. मांजरे या बाबतीत विशेष संवेदनशील असतात. शिवाय उघडून ठेवलेली जुनी बाटली कोणत्या आजारासाठी दिली होती, हेही बहुतेकांच्या लक्षात राहिलेले नसते. अशीच आणखी एक धोक्याची वाट म्हणजे गुराढोरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन. त्याच्या एका मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. आपल्या पिल्लाएवढ्या जिवाला लागणारी मात्रा त्यातल्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी भरेल, आणि तेवढे अचूक मोजणे घरी शक्य नाही. लहान पिल्लांत मेंदूचे औषधांपासून रक्षण करणारी व्यवस्था पुरती तयार झालेली नसते. मात्रा थोडी जास्त झाली तरी बाहुल्या विस्फारणे, झोकांड्या, थरथर, तात्पुरते अंधत्व आणि बेशुद्धी अशी लक्षणे दिसू शकतात. औषध तेच, परंतु कानासाठीच्या सौम्य द्रावणात आणि गुरांच्या इंजेक्शनात शंभर पटींचा फरक आहे.

तेलाविषयी न्याय्य बोलायचे तर नुसत्या तेलात थोडे तथ्य आहे. ते कोरडा मळ सैल करते आणि काही माइट्स त्यात गुदमरून मरतातही. पण ते अंड्यांचे काही करत नाही, कानाबाहेर गेलेल्या माइट्सपर्यंत पोहोचत नाही, आणि मांजर अंगाची गुंडाळी करून झोपत असल्याने मान, डोके आणि शेपटीच्या टोकाजवळ माइट्स नेहमी सापडतात. तेलाने माखलेल्या लहान पिल्लाचे अंग लवकर गार पडते, हाही एक तोटा आहे. त्यात लसूण घातला की उपायाचा अपाय होतो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त घटक मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि कानात घातलेले तेल पंजाने पुसून चाटून पिल्लाच्या पोटात जाणारच. पिसवांमुळे आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला हे झेपत नाही. टी ट्री तेल तर मांजरांसाठी विषारी आहे. व्हिनेगर, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोललेल्या त्वचेवर आग करतात. तेही वापरू नयेत.

कान स्वच्छ करणे मात्र उपचाराचा उपयुक्त भाग आहे, कारण मळ निघाल्याने खाज कमी होते आणि कानात घालायचे औषध असेल तर ते त्वचेपर्यंत पोहोचते. पडदा शाबूत असल्याचे पशुवैद्यकांनी सांगितल्यावर, त्यांनी दिलेला मांजरांसाठीचा कान साफ करण्याचा द्रव वापरावा. बाटली थोडा वेळ हातात धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून द्रव अंगाच्या उष्णतेइतका कोमट करावा. गार द्रव आतल्या कानाला लागला तर चक्कर येते आणि पिल्लू घाबरते. पिल्लाला टॉवेलमध्ये चारही पाय आत राहतील असे, पण श्वास मोकळा राहील इतपत सैल गुंडाळावे. कानाची पाळी हलकेच वर धरून थोडा द्रव सोडावा, कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट हळुवार चोळावे आणि मग त्याला डोके झटकू द्यावे. झटकण्यानेच आतला मळ वर येतो. तो बोटाला गुंडाळलेल्या गॉझने, बोट सहज जाईल तितक्याच भागातून टिपून घ्यावा. एका बैठकीत सगळा मळ निघालाच पाहिजे असा हट्ट धरू नये. किती दिवसांनी पुन्हा साफ करायचे ते पशुवैद्यक सांगतील; रोज घासल्याने त्वचा आणखी चिडते. शेवटी कान कोरडा करून पिल्लाला उबेत ठेवावे, त्याच्या आवडीचे थोडेसे खायला द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी ते टॉवेल पाहून पळणार नाही. मळ फारच घट्ट बसला असेल तर तो दवाखान्यातच, गरजेनुसार हलकी भूल देऊन काढावा लागतो.

लागणीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. हे माइट्स मांजरांत एकमेकांना सहज होतात आणि कुत्र्यांनाही होतात. आपल्या मोठ्या मांजरीला काहीच त्रास दिसत नसला तरी तिच्या कानांत ते असू शकतात, कारण काही मांजरांना थोड्याशा माइट्सची प्रचंड खाज येते, तर काही मांजरे कानात बरेच माइट्स असूनही शांत असतात. त्वचेची प्रतिक्रिया किती तीव्र आहे, यावर ते अवलंबून असते. म्हणून पिल्लू, मांजर आणि कुत्रा या तिघांचा उपचार एकाच वेळी सुरू झाला पाहिजे, प्रत्येकाचे औषध त्याच्या जातीचे आणि वजनाचे. एकाला वगळले की तोच बाकीच्यांना पुन्हा लागण करतो. तिघांचा उपचार सुरू होईपर्यंत पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवता आले तर उत्तम. माइट्स शरीराबाहेर काही दिवस तग धरतात, थंड आणि दमट जागी सुमारे १२ दिवसांपर्यंतही, त्यामुळे पिल्लाची अंथरुणे गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावीत आणि ते जिथे झोपते त्या जागा झाडून, व्हॅक्यूम करून घ्याव्यात. महिनाभर दर आठवड्याला एवढे केले की पुरते. घरभर कीटकनाशक फवारण्याची आवश्यकता नाही, आणि लहान पिल्लू घरात असताना ते धोक्याचेच आहे.

आपल्या मुलासाठी घाबरण्याचे कारण नाही. मांजराच्या कानातले माइट्स माणसाच्या अंगावर वस्ती करून राहत नाहीत. क्वचित हातावर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठते आणि प्राण्यांवर उपचार झाले की ते आपोआप जाते. रॉबर्ट लोपेझ नावाच्या अमेरिकी पशुवैद्यकांनी हे माइट्स मुद्दाम स्वतःच्या कानात घालून घेतले होते आणि त्या अनुभवाची नोंद १९९३ साली अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी त्यांना कीटकशास्त्राचा इग नोबेल, म्हणजे विचित्र वाटणाऱ्या संशोधनासाठी दिला जाणारा विनोदी पुरस्कारही मिळाला. माइट्स चालताना आणि खरवडताना कानात होणारा आवाज आणि रात्री वाढणारी तीव्र खाज यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचले, की पिल्लू रात्री अचानक उठून डोके का झटकते हे नीट कळते. या त्रासाकडे किरकोळ म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते ते त्यामुळेच. मुलाला एवढेच सांगावे की महिनाभर पिल्लाला अंथरुणात घ्यायचे नाही, त्याच्याशी खेळल्यावर हात धुवायचे आणि मानेवर औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कानाच्या कडेला केस गेलेले गोल चट्टे असतील तर मात्र गजकर्णाची शक्यता तपासून होईपर्यंत अधिक जपावे, कारण ते माणसांना सहज होते.

औषध दिल्यावर खाज लगेच थांबत नाही. माइट्स एक-दोन दिवसांत मरू लागले तरी सुजलेली त्वचा शांत व्हायला वेळ लागतो, आणि तोवर पिल्लू मागच्या पायाने कान ओरबाडत राहते. त्याच्या नखांची फक्त पारदर्शक टोके, आतली गुलाबी शीर सोडून, कापावीत. खाज फारच असेल तर पशुवैद्यक काही दिवसांपुरते सूज कमी करणारे औषध देतात; माणसांची वेदनाशामके मात्र कधीही देऊ नयेत, पॅरासिटामॉल तर मांजरासाठी प्राणघातक आहे. जोरात खाजवण्याने कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळी अचानक मऊ आणि फुगीर झाली, तर त्याच दिवशी दाखवावे. डोके एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, चालताना पडणे, बुबुळे आपोआप डावी-उजवीकडे हलत राहणे किंवा एका डोळ्याची बाहुली लहान होऊन आतली पांढरी पापणी वर येणे, ही लक्षणे त्रास मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेल्याची आहेत आणि त्यांत एक दिवसही वाट पाहू नये. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर पिसवांमुळे किंवा जंतांमुळे रक्त कमी झालेले असते. बारीक दातांच्या फणीने अंग विंचरून पिसवांची काळी विष्ठा दिसते का ते पाहावे. कानात माइट्स असलेल्या पिल्लाच्या अंगावर पिसवा आणि पोटात जंत सापडणे हे नित्याचेच आहे, म्हणून त्याच भेटीत जंताचे औषध आणि लसीकरणाचे वेळापत्रकही विचारून घ्यावे. घरातली थेंबांची बाटलीही सोबत न्यावी, म्हणजे तिच्यातील घटक पाहून ती ठेवायची की टाकायची हे तिथेच ठरेल.

उपचार सुरू झाल्यापासून सुमारे चार आठवड्यांनी कानाची पुन्हा तपासणी करावी, मग पिल्लू तोपर्यंत पूर्ण बरे दिसत असले तरीही. काही पिल्लांना महिन्याने औषधाची दुसरी मात्रा लागते, आणि तोवर वजन वाढलेले असल्याने ती नव्या वजनाप्रमाणे द्यावी. माइट्स दिसत नसूनही मळ आणि वास कायम असेल तर यीस्ट किंवा जीवाणूंसाठी नमुना तपासावा, आणि त्रास एकाच कानात उरला असेल तर पॉलिपची शंका पशुवैद्यकांकडे आवर्जून बोलून दाखवावी. नमुन्यात माइट किंवा अंडे आढळले नाही, तर त्याच दिवशी मोठ्या मांजरीचे आणि कुत्र्याचेही कान तपासून घ्यावेत, आणि तिघांचेही कान स्वच्छ निघाल्यावरच उपचार थांबवावा.